न रंगवलेली देवी

पायापासून सुरुवात करू, कारण चेहऱ्याकडे सगळेच बघतात. देवी बसलेली आहे. एक गुडघा उभा, दुसरा पाय आडवा मुडपलेला. अंगावरच्या सैल वस्त्राचा घोळ खाली येता येता चुण्याचुण्यांनी पसरतो आणि त्याच्या काठाखालून एका पावलाची बोटं तेवढी डोकावतात. बोटांना नखंही आहेत. डोक्यावरून घेतलेला पदर अंबाड्यापाशी किंचित उचलला गेलाय, गळ्यात माळ आहे, पापण्या अर्ध्या मिटलेल्या. उंची वीतभर, फार तर दोन वीत. आणि कातडी, केस, कापड, दागिना, इतकंच काय ती बसलीय तो खडकसुद्धा, सगळं एकाच रंगाचं. पांढरं. डोळ्यांत काजळाची रेघ नाही, ओठांना लाली नाही, वस्त्राला नक्षी नाही.

ही ग्वानयिन. चीनमधल्या बौद्धांची करुणेची देवी. आणि ही मूर्ती आहे देहुआची. आग्नेय चीनच्या फुजियान प्रांतात, समुद्रापासून थोडं आत, डोंगरांच्या कुशीत देहुआ नावाचं गाव आहे. तिथे हजार वर्षांपासून पांढरी चिनीमाती भाजली जाते. मिंग राजवटीचा शेवट आणि छिंग राजवटीची सुरुवात, म्हणजे साधारण सतरावं शतक, हा या कामाचा भरात आलेला काळ. त्या काळातल्या मूर्तींच्या रंगाला चिनी जाणकार हस्तिदंती पांढरा म्हणतात, डुकराच्या चरबीचा पांढरा म्हणतात, हंसाच्या पिसांचा पांढरा म्हणतात. फ्रेंचांनी एकोणिसाव्या शतकात सगळ्यांना मिळून ‘ब्लाँ द शीन’ असं एकच नाव देऊन टाकलं आणि बाजारात आजही तेच चालतं. दुधावर धरलेली साय उजेडात जशी दिसते, तसा तो रंग. चुन्याचा कोरडा पांढरा नव्हे, स्वयंपाकघरातल्या बशीचा निळसर पांढराही नव्हे.

हा पांढरेपणा वरून दिलेला नाही, हे आधी लक्षात घ्यायला हवं. मातीच पांढरी आहे आणि वरची झिलई पारदर्शक. मूर्ती फुटली तर आतही तीच.

आता माती पांढरी असणं यात विशेष ते काय, असं वाटेल. पण कुठल्याही कुंभाराला विचारा. माती भाजली की ती लाल होते, विटकरी होते, करडी होते, काळी होते. पांढरी सहसा राहत नाही. कारण लोह. पृथ्वीच्या कवचात लोह ठासून भरलेलं आहे आणि खडक झिजून माती होताना ते मातीत उतरतंच. कच्च्या मातीत ते नजरेला येईलच असं नाही, पण आगीत गेलं की गप्प बसत नाही. दोन-तीन टक्के लोहसुद्धा भांड्याला रंग चढवायला पुरेसं होतं. देहुआच्या डोंगरात जो खडक सापडतो, ज्याला चिनी कारागीर ‘चिनीमातीचा दगड’ म्हणतात, त्यात लोह अर्ध्या टक्क्याहूनही कमी असतं. तो दगड फोडायचा, पाण्याच्या जोरावर उचलल्या जाणाऱ्या जड मुसळांनी कुटायचा, पाण्यात कालवून गाळ निवळू द्यायचा आणि वरचा बारीक भाग मळायला घ्यायचा. एका डोंगराला जे मिळालं नाही, त्यावर सगळ्या गावाचा धंदा उभा राहिला.

लोह कमी, पण पोटॅश मात्र भरपूर. या दुसऱ्या गोष्टीने आणखी वेगळंच काम केलं. पोटॅशमुळे दगडातला सिलिका आगीत लवकर वितळतो आणि काच तयार होते. साधारण साडेबाराशे अंशांना भट्टी पोचली की देहुआच्या मातीत आतल्या आत इतकी काच होते की भाजलेली मूर्ती अर्धी दगड आणि अर्धी काच असल्यागत होऊन बसते. सगळा प्रकाश तिच्या पृष्ठभागावरून परतत नाही. थोडा आत शिरतो, इकडेतिकडे विखुरतो आणि मग बाहेर येतो. त्यामुळे गालाची कडा कुठे संपते हे नेमकं सांगता येत नाही. आतून पोकळ असलेल्या मूर्तीत बारीक बॅटरी धरली, तर पातळ भाग फिकट गुलाबी-नारिंगी उजळतो. झिलईसुद्धा जवळजवळ याच द्रव्यांची असल्याने ती मातीशी एकजीव होते. तुटलेल्या कडेला भिंग लावून पाहिलं तरी झिलई कुठे संपली आणि माती कुठे सुरू झाली ही रेघ सापडायला वेळ लागतो.

पण माती कितीही चांगली असली तरी भट्टीवाल्याच्या हातात शेवटची कळ असते, आणि ती म्हणजे हवा. उरलंसुरलं जे थोडं लोह आहे, त्याला भट्टीत पुरेसा प्राणवायू मिळाला तर ते पिवळसर छटा देतं. हवा कोंडली, धूर धरला, तर तेच लोह निळसर-हिरवट छटा देतं. म्हणजे एकच माती, एकच झिलई, एकच लाकूड, तरी एक मूर्ती सायीच्या रंगाची आणि दुसरी थंड निळसर. चीनची चिनीमातीची सर्वांत मोठी पेठ जिंगदेझेन. तिथली परंपरा हवा कोंडून भाजण्याची, म्हणून तिथला पांढरा निळसर. देहुआच्या मिंगकालीन कारागिरांनी भट्टीला श्वास घेऊ दिला, म्हणून त्यांचा पांढरा ऊबदार. पुढे छिंग काळात देहुआचा पांढराही बराचसा निळसर होत गेला.

या भट्ट्या सपाट जागेवर नसत, डोंगराच्या उतारावर चढत जात. देहुआच्या छुतौगोंग इथे १९७६ मध्ये उत्खनन झालं तेव्हा मिंगच्या आधीच्या युआन राजवटीतली एक भट्टी सापडली: लांबी ५७ मीटरहून थोडी जास्त, एकापुढे एक अशा सतरा खोल्या. खाली तोंडाशी जाळ पेटवायचा. उष्णता वर चढणारच, म्हणून अख्खा डोंगरउतारच धुराड्याचं काम करतो. खालची खोली तापत असताना तिच्या झळीने वरची आपोआप शेकली जाते, आणि मग बाजूच्या भोकांतून लाकूड टाकत टाकत आग एकेक खोली वर न्यायची. राख आणि ठिणग्या अंगावर पडू नयेत म्हणून प्रत्येक नग मातीच्या जाड डब्यात बंद. उष्णतामापक नाही, घड्याळ नाही. ज्वाळेचा रंग आणि अनुभव यांवर साडेबाराशे अंश साधायचे. देहुआच्या या जुन्या भट्ट्यांचे अवशेष २०२१ साली युनेस्कोच्या जागतिक वारशात गेले, च्वानचौ या प्राचीन बंदराच्या स्थळांबरोबर. ते योग्यच झालं, कारण भट्टी डोंगरात असली तरी तिचं गिऱ्हाईक समुद्रापार होतं. मार्को पोलोने तेराव्या शतकाच्या शेवटी च्वानचौजवळच्या ज्या चिनीमातीच्या गावाचं वर्णन केलंय, ते देहुआच असं बरेच अभ्यासक मानतात. तिथले लोक माती खणून ढीग घालतात आणि तीस-चाळीस वर्षं तिला ऊन-पाऊस खाऊ देतात, बाप ढीग घालतो तो मुलासाठी, असं तो सांगतो. व्हेनिसच्या सेंट मार्क चर्चच्या खजिन्यात एक छोटी पांढरी बरणी आहे. ती मार्को पोलोने आणली अशी तिथली परंपरा.

आता मूर्ती घडवण्याकडे येऊ. इतकी काच पोटात असलेली माती भट्टीत मऊ पडते. मोठं, पातळ भांडं केलं तर ते वाकतं, बसतं. ही त्या मातीची खोड. देहुआच्या कारागिरांनी ती खोड ओळखून लहान, जाड आणि आटोपशीर आकार धरले, आणि मला वाटतं इथेच ते कुंभाराचे शिल्पकार झाले. ग्वानयिनच्या बैठकीकडे या नजरेने पाहा. हात अंगाबाहेर पसरलेले नाहीत. बहुतेकदा ते बाहीत लपलेले किंवा मांडीवर टेकलेले. पदर डोक्यावरून खांद्यापर्यंत सलग उतरतो, म्हणजे मानेला आधार. वस्त्राचा घोळ खाली पसरतो, म्हणजे बुडाला रुंदी. भक्ताला जी शांतता वाटते, ती भट्टीवाल्याच्या हिशेबात न कोसळण्याची तजवीजही आहे.

अंग दोन अर्ध्या साच्यांत माती दाबून काढायचं, पुढचा भाग आणि पाठ. मग पातळ चिखलाने जोडायचं. मूर्ती उलटी करून आत पाहिलं तर माती साच्यात दाबताना उमटलेले बोटांचे ठसे दिसतात. साडेतीन-चारशे वर्षांपूर्वीच्या कुणाच्या तरी अंगठ्याचा खळगा, आणि त्यावर झिलईचा एखादा ओघळ. बाहेरची सफाई आणि आतला हा राकटपणा यांतलं अंतर पाहण्यासारखं असतं. डोकं, हात, बोटं, अंबाडा, फुलं ही वेगळी हाताने केलेली. बोटं इतकी बारीक की आज जुन्या मूर्तींत सर्वांत आधी तुटलेली तीच सापडतात. लिलावाच्या नोंदींत बोटांची डागडुजी जवळजवळ ठरलेली. साच्यातून बाहेर आल्यावर ओल्या मातीवर बांबूच्या टोकदार पात्यांनी चुण्या खोल करायच्या. ग्वानयिनऐवजी युद्धदेव ग्वानदी असेल तर हनुवटीवर आणि वरच्या ओठावर बारीक भोकं ठेवलेली असतात. तिथे भाजून झाल्यावर खऱ्या केसांची दाढी-मिशी लावत. केस केव्हाच गेले, भोकं राहिली. काही मूर्तींवर नंतर रंग आणि सोनंही चढवलेलं असे, पण तो रंग भट्टीत भाजलेला नसल्याने पुसला गेला. खरं सांगायचं तर, पुसला गेला ते बरंच झालं.

साच्यातून मूर्ती निघते म्हणजे ती एकाच छापाची, असं समजायचं कारण नाही. साच्याने अंगलट मिळते. चुण्या मात्र हाताच्या, आणि देहुआच्या कारागिराची लायकी चुण्यांवरूनच ठरते. खांद्यावर ताणलेलं कापड, कोपरात गोळा झालेलं कापड, गुडघ्यावरून घसरून खाली साचलेलं कापड: तिन्ही ठिकाणी चुण्यांची खोली वेगळी हवी. रंग नसल्यामुळे चूक लपवायला काही नसतं. जिंगदेझेनचा चितारी निळ्या वेलबुट्टीखाली वाकडा काठ झाकू शकतो. इथे सावली हेच एकमेव चित्र.

या कामात एक नाव सगळ्यांच्या वर घेतलं जातं: ह चाओत्सोंग. मिंग काळाच्या उत्तरार्धात देहुआत होऊन गेलेला कारागीर. तो मूर्तीच्या पाठीवर, खांद्यांच्या खाली, ओल्या मातीत आपल्या नावाचा शिक्का दाबत असे. चीनमध्ये चित्रकार आणि कवी सही करत. कुंभाराने मूर्तीच्या पाठीवर नाव टाकणं ही तेव्हा नेहमीची गोष्ट नव्हती. बीजिंगच्या राजवाडा संग्रहालयात त्याचा बोधिधर्म आहे. लाटांवर उभा, हात बाहीत गुंडाळलेले, कपाळाला आठ्या, वाऱ्याने झगा एका बाजूला उडालेला. पायाखालच्या लाटा आणि वरच्या झग्याच्या चुण्या एकाच लयीत वळतात. पाणी कुठे संपलं आणि कापड कुठे सुरू झालं हे क्षणभर कळत नाही. ह चाओत्सोंगच्या ग्वानयिन जास्त प्रसिद्ध आहेत, पण मला विचाराल तर त्याचा हात या बोधिधर्मात दिसतो. बोधिधर्म भारतातून गेलेला भिक्खू, त्यामुळे चिनी कलाकार त्याला दाट भुवया आणि दाढी देतात; तो देखणा करायचा नसल्याने कारागिराला मोकळीक मिळाली असावी.

आणि ग्वानयिन? तीही मूळची भारतातलीच, फक्त तेव्हा ती ‘तो’ होता. बोधिसत्त्व अवलोकितेश्वर. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात हातात निळं कमळ घेतलेला जो पद्मपाणी आपण पोस्टरवर पाहत आलोय, तोच. पण ग्वानयिनच्या गोष्टीसाठी अजिंठ्यापेक्षा औरंगाबाद लेण्यांकडे जावं लागतं. बीबी का मकबऱ्यामागच्या टेकडीतल्या सातव्या लेण्यात, दाराच्या एका बाजूला एक मोठा शिल्पपट आहे. मधोमध उभा अवलोकितेश्वर, जटा बांधलेला. त्याच्या दोन्ही बाजूंना चार-चार छोटे प्रसंग: आग लागलीय, तलवार उगारून चोर आलेत, बेड्या पडल्यात, गलबत बुडतंय, पलीकडे सिंह, साप, मत्त हत्ती, आणि शेवटी मृत्यू. प्रत्येक प्रसंगातली घाबरलेली माणसं मधल्या त्या उंच आकृतीकडे धाव घेतायत. दीड हजार वर्षांपूर्वी हे कोरणाऱ्यांना गलबताची शिडं कोरावीशी वाटली, कारण कोकणातल्या बंदरांवरून घाट चढून येणारा व्यापारी याच वाटांनी जात असे. मुंबईजवळच्या कान्हेरीतही अवलोकितेश्वराचा असाच संकटनिवारणाचा पट आहे, आणि तिथल्या शिलालेखांत कल्याण-सोपाऱ्याच्या दात्यांची नावं आहेत.

या संकटांची यादी सद्धर्मपुंडरीक सूत्रातल्या अवलोकितेश्वरावरच्या प्रकरणाशी बरीचशी जुळते. कुमारजीवाने ते सूत्र इसवी सन ४०६ मध्ये चिनीत आणलं आणि ते प्रकरण चीनमध्ये इतकं लोकप्रिय झालं की स्वतंत्र पोथी म्हणून म्हटलं जाऊ लागलं. त्यातच पुढे असंही आहे की मूल हवं असलेल्या स्त्रीने याची आराधना केली तर मुलगा किंवा मुलगी होते, आणि हा बोधिसत्त्व समोरच्या भक्ताला जे रूप हवं ते रूप घेतो, स्त्रीचंही घेतो. चीनने हे शब्द मनावर घेतले. दुनहुआंगच्या लेण्यांतल्या जुन्या चित्रांत ग्वानयिनला बारीक मिशी आहे. दहाव्या शतकानंतर मिशी जाऊ लागते, अंग नाजूक होतं, पांढरं वस्त्र येतं. सन ११०० मध्ये हनान प्रांतातल्या शियांगशान मठात राजकन्या म्याओशानची कथा दगडावर कोरली गेली: लग्नाला नकार देणारी धाकटी मुलगी, संतापलेला बाप, आणि तोच बाप दुर्धर आजारी पडल्यावर औषधासाठी स्वतःचे डोळे आणि हात काढून देणारी तीच मुलगी. ती म्हणजेच ग्वानयिन. एवढ्या कथेनंतर पुरुषरूपाकडे परतायची वाट चीनमध्ये फारशी उरली नाही. तिचं तीर्थक्षेत्रही तिकडेच वसलं: चच्यांग प्रांताच्या किनाऱ्यावरचं पुतुओशान बेट, ज्याचं नाव दक्षिण भारतातल्या पोतलक पर्वतावरून आलंय.

या सगळ्या प्रवासात एक खूण मात्र टिकली. अवलोकितेश्वराच्या जटामुकुटात अमिताभ बुद्धाची चिमुकली आकृती असते. देहुआच्या कितीतरी ग्वानयिनांच्या केसांत, पदराच्या काठाखाली, नखाएवढा तो बुद्ध तसाच बसलेला दिसतो. मूर्ती हातात आली तर चेहरा पाहून झाल्यावर तिथे पाहावं.

फुजियानच्या लोकांना ही देवी इतकी का हवी होती हे वेगळं सांगायला नको. डोंगर फार, शेत थोडं; पोट समुद्रावर. बुडत्या गलबताला वाचवणारी देवी घरात आणि जहाजावर दोन्हीकडे लागायची. याच किनाऱ्यावरची दर्यादेवी माझू हिला ग्वानयिनचंच रूप मानणारेही होते, आणि देहुआवाले माझूच्याही मूर्ती करत. डोंगरातून मूर्ती खांद्यावरून आणि नावेतून खाली यायच्या, शियामेनला, म्हणजे युरोपीय ज्याला अमॉय म्हणत त्या बंदरात, जहाजात चढायच्या.

तिथून पुढची गोष्ट मला सर्वांत अजब वाटते. मांडीवर मूल घेतलेली ग्वानयिन, अपत्य देणारी, हा देहुआचा खपणारा नग होता. युरोपीय व्यापाऱ्यांनी तिला पाहिलं आणि त्यांना ती ओळखीची वाटली: डोक्यावरून पदर, खाली वळलेली नजर, मांडीवर बाळ. ईस्ट इंडिया कंपनीच्या व्यापारातल्या मालाच्या याद्यांत या मूर्ती ‘सँक्टा मारिया’ म्हणून आल्या. हा नुसता गैरसमज म्हणून सोडून देता येत नाही, कारण उलटा प्रवासही झाला असण्याची दाट शक्यता आहे. स्पॅनिशांनी १५७१ मध्ये मनिला वसवलं आणि फुजियानचे हस्तिदंत कोरणारे कारागीर त्यांच्यासाठी मेरी आणि बाळ येशू कोरू लागले. त्याच सुमाराला गोव्यातही स्थानिक कारागीर पोर्तुगीजांसाठी हस्तिदंताच्या मेरी कोरत होते. ज्या प्रांतात हस्तिदंती मेरी तयार होत होती, त्याच प्रांतात हस्तिदंती रंगाची ग्वानयिन बाळ घेऊन बसू लागली. काही अभ्यासकांच्या मते तिच्या त्या बैठकीत मेरीचा अंश आहे. म्हणजे युरोपीयाला ती ओळखीची वाटली यात नवल नाही. त्यातलं थोडं त्याचंच परत येत होतं.

युरोपातली हौस थोडक्यात सांगतो. सॅक्सनीचा शासक ऑगस्टस याला चिनीमातीचं वेड होतं. ड्रेस्डेनमधल्या त्याच्या संग्रहात देहुआचे हजाराहून अधिक नग होते. सोनं बनवून देतो म्हणणारा योहान फ्रीड्रिश ब्योटगर त्याच्या कैदेत होता. त्याने सोनं केलं नाही, पण १७०८ च्या सुमारास पांढरी चिनीमाती साधली, आणि १७१० मध्ये माइसेनचा कारखाना निघाला. तिथल्या सुरुवातीच्या लालसर दगडी मातीच्या नगांत चक्क देहुआच्या ग्वानयिनच्या नकला आहेत. समोर मूर्ती ठेवायची, तिच्यावरून साचा काढायचा, आपली माती भरायची. पण भाजताना माती आटते, म्हणून नक्कल मुळापेक्षा लहानच निघायची.

जपानमध्ये मात्र हौस नव्हती, जिवाशी गाठ होती. तिथे १६१४ मध्ये ख्रिस्ती धर्मावर देशभर बंदी आली. पाद्री हाकलले गेले, जे श्रद्धा सोडायला तयार नव्हते त्यांना हाल हाल करून मारलं गेलं. नागासाकीजवळच्या उराकामीसारख्या गावांतले शेतकरी बाहेरून बौद्ध झाले आणि आत प्रार्थना म्हणत राहिले. मेरीची मूर्ती घरात सापडली तर मरण. पण ग्वानयिनला, जपानी नावाने कान्नोनला, कोण अडवणार? चिनी जहाजांतून देहुआच्या बाळवाल्या पांढऱ्या मूर्ती नागासाकीला उतरतच होत्या. त्या देवघरात बसल्या. या मूर्तींना आता ‘मारिया कान्नोन’ म्हणतात. उराकामीत १८५६ मध्ये धरपकड झाली तेव्हा नागासाकीच्या मॅजिस्ट्रेटने जप्त केलेल्या अशा मूर्ती आज टोकियोच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहेत. १८६५ मध्ये नागासाकीत फ्रेंच पाद्र्यांनी बांधलेल्या ओउरा चर्चमध्ये उराकामीची काही माणसं आली आणि त्यातल्या एका बाईने फादर पेतीजाँला हळूच सांगितलं की तुमचं मन तेच आमचं मन, आणि सांता मारियाची मूर्ती कुठे आहे असं विचारलं. दोनशेहून जास्त वर्षं पाद्री नसताना तो धर्म टिकला होता. बंदी उठायला १८७३ उजाडलं.

जप्त झालेल्या त्या मूर्तींवर बहुतेक ठिकाणी क्रूस नाही, कसलीच गुप्त खूण नाही. देहुआच्या कारागिराने त्या नेहमीच्या ग्वानयिन म्हणून केल्या आणि तशाच विकल्या. त्यांना मेरी केलं ते समोर बसणाऱ्यांनी. मूर्तीवर रंग असता, वस्त्रावर चिनी नक्षी असती, कपाळावर ठळक बौद्ध चिन्ह असतं, तर हे इतकं सहज जमलं असतं का, याची शंका वाटते. पुराण्या वस्तूंच्या बाजारात हल्ली बाळ घेतलेली कुठलीही देहुआची मूर्ती ‘मारिया कान्नोन’ म्हणून चढ्या भावात पुढे केली जाते. ती कुठल्या घरातून, कोणत्या गावातून आली याचा कागद नसेल तर हे सिद्ध करण्याचा मार्ग मूर्तीत शोधून सापडत नाही.

तारखेचंही तसंच. देहुआच्या मूर्तींवर राजवटीचं वर्ष सहसा नसतं. साचे बापाकडून मुलाकडे जात. सतराव्या शतकातली बैठक एकोणिसाव्या शतकातही तशीच निघे. ह चाओत्सोंगचा शिक्का तर इतक्यांनी इतक्या पिढ्या मारलाय की पाठीवर त्याचं नाव दिसलं की जाणकार आधी सावध होतात. नुसत्या रंगावर विसंबता येत नाही, कारण सायीची छटा भट्टीतल्या हवेची असते, शतकाची नव्हे. त्यातल्या त्यात खात्रीचा पुरावा मिळतो तो समुद्राच्या तळाशी. व्हिएतनामच्या वुंग ताऊजवळ बुडालेलं, साधारण १६९० च्या सुमाराचं जहाज वर काढलं तेव्हा त्यातल्या मालात देहुआचे पांढरे नगही होते. बुडालेल्या मालाला एकच तारीख असते. असे नग आणि इंग्लंडमधल्या बर्ली हाउससारख्या घराण्यांच्या सतराव्या शतकातल्या वस्तूंच्या याद्या जोडूनच आजची कालगणना उभी आहे.

देहुआत भट्ट्या आजही चालू आहेत, आता गॅसच्या आणि विजेच्या. तिथली चिनीमाती भाजण्याची कला २००६ मध्ये चीनच्या राष्ट्रीय अमूर्त वारशाच्या यादीत गेली, आणि नामवंत कारागीर ह चाओत्सोंगच्या ग्वानयिनवरून ग्वानयिन करतात, काही जण ती चूण आणखी पातळ करून दाखवतात. म्हणून जुनी म्हणून कुणी मूर्ती पुढे केली तर तिला उलटी करावी. बुडाच्या कडेला, जिथे झिलई पोचलेली नसते, तिथली उघडी माती पाहावी, आत बोटांचे खळगे आहेत का पाहावं, भाजताना पडलेल्या बारीक तड्यांत शतकांची धूळ मुरलीय की कुणी चहाचं पाणी चोळलंय हे पाहावं. तज्ज्ञसुद्धा तिथूनच सुरुवात करतात. चेहरा ते शेवटी बघतात.